नकाराचे मोल

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या १८१३ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत कॉलिन्स नावाचा एक धर्मोपदेशक वीस वर्षांच्या एलिझाबेथ बेनेटला लग्नाची मागणी घालतो, तेव्हा आपल्या अनुरागाची ग्वाही देता देता तो तिच्या मिळकतीवर येतो आणि तिच्या वाट्याला येणारी रक्कम किती तुटपुंजी आहे व दुसरे स्थळ येण्याचा संभव किती थोडा आहे, हे तिला समजावून सांगतो. एलिझाबेथ नकार देते. परंतु कुलीन मुलींनी पहिल्या मागणीला नाही म्हणावयाचे असतेच, अशी कॉलिन्सची दृढ समजूत असल्यामुळे तो नकार त्याच्या कानांवर पडूनही मनापर्यंत पोहोचत नाही, आणि तिला तीच गोष्ट पुनःपुन्हा, अधिकाधिक निःसंदिग्ध शब्दांत सांगावी लागते. हा प्रसंग विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि प्रेम, प्रतिष्ठा आणि समाज यांच्याविषयीच्या एकोणिसाव्या शतकातील थोर इंग्रजी कादंबऱ्यांचे मर्म मला याच प्रसंगात सापडते. कारण या कादंबऱ्यांतील नायिकेचे खरे तेज ती कोणाला वरते यापेक्षा कोणाला नाकारते, आणि तो नकार तिला केवढ्याला पडतो, यातच प्रकट होते.

तो केवढ्याला पडतो, याचा हिशेब ऑस्टिन अत्यंत काटेकोरपणे मांडते. एलिझाबेथच्या वाट्याचे एक हजार पौंड आईच्या पश्चात मिळावयाचे आणि ते चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत गुंतविलेले. म्हणजे दरसाल उत्पन्न चाळीस पौंड. वडिलांची लाँगबोर्नची मिळकत दरसाल दोन हजारांची खरी, परंतु ती दस्तऐवजाने अशी बांधून टाकलेली की पुरुष वारसाखेरीज कोणाकडे जाऊ नये; घरात पाच मुली आणि मुलगा एकही नाही, म्हणून बापाच्या मृत्यूनंतर घरदार, शेतीवाडी सारे दूरच्या नात्यातल्या याच कॉलिन्सच्या ताब्यात जाणार. आपल्याला मुलगा होईल, तो सज्ञान झाला म्हणजे बापलेक मिळून ती अट मोडतील आणि धाकट्या मुलांची व विधवेची तजवीज होईल, या भरवशावर बेनेट दांपत्याने संसाराच्या आरंभी काही शिल्लक टाकली नाही. पुढे मुलाची आशा मावळली तेव्हा काटकसर सुरू करण्यास उशीर झालेला होता. तेव्हा कॉलिन्सला नकार देताना एलिझाबेथ एका कंटाळवाण्या माणसाबरोबर आपल्या जन्मघरालाही मुकते, आणि आई व बहिणी यांच्या डोक्यावरचे छप्परही दूर सारते. पुढे काही महिन्यांनी ती डार्सी या श्रीमंत जमीनदाराची मागणी नाकारते. त्याचे उत्पन्न दरसाल दहा हजार पौंड, म्हणजे तिच्या संभाव्य उत्पन्नाच्या अडीचशे पट. आणि ते ती नाकारते ते मुख्यतः एवढ्याकरिता की, प्रेमाची कबुली देतानाही तो तिच्या कुळाचा कमीपणा तिला ऐकवितो आणि तिच्या बहिणीचे सुख त्याने मोडले आहे असे तिला कळलेले असते.

या हिशेबामागे एक कायदा उभा होता, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय या नकारांचे गांभीर्य उमगत नाही. तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने सज्ञान अविवाहित स्त्री ही स्वतंत्र व्यक्ती होती. तिला मिळकत धारण करता येई, करार करता येई, दावा लावता येई. विवाह होताच ते स्वतंत्र अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तिची जंगम मिळकत त्याची, तिच्या जमिनीच्या उत्पन्नाची वहिवाट त्याची, तिने कमावलेली मजुरीसुद्धा त्याची. श्रीमंत घराणी विश्वस्तांकरवी मुलींच्या पैशाची स्वतंत्र व्यवस्था करीत. ज्यांना ते परवडत नसे त्यांना कायद्याचा आधार नव्हता. १८७० च्या कायद्याने विवाहितेची कमाई तिची ठरली आणि १८८२ च्या कायद्याने तिची सर्व मिळकत तिची झाली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: १८१३ सालच्या मुलीचा विवाहाविषयीचा निर्णय हा तिने स्वतःच्या नावाने घेतलेला बहुधा शेवटचाच कायदेशीर निर्णय असे, आणि मागणी घालण्याचा अधिकार रूढीने पुरुषाकडे दिलेला असल्यामुळे त्या निर्णयातही तिच्या हाती उरे ती केवळ नाही म्हणण्याची शक्ती. ऑस्टिनने ‘नॉर्थअँगर अ‍ॅबे’त विवाहाची तुलना नृत्याशी करणाऱ्या एका तरुणाच्या तोंडी नेमका हाच विचार घातला आहे.

ऑस्टिनला हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८०२ च्या डिसेंबरात मॅनिडाउन येथे मैत्रिणींच्या घरी पाहुणी म्हणून राहिलेली असताना त्या मैत्रिणींच्या भावाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. तो मोठ्या मिळकतीचा वारस होता. ती एका निवृत्त पाद्र्याची कन्या, जवळ पैसा नाही, वय सत्तावीसला टेकलेले. तिने होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत घेऊन ते घर सोडले. १८०५ साली वडील वारले आणि त्यानंतर आई व दोघी बहिणी भावांनी दिलेल्या वार्षिक रकमेवर बव्हंशी अवलंबून राहिल्या. १८०९ मध्ये एका भावाने चॉटन गावातील घर त्यांना राहावयास दिले, तेव्हा कुठे तिच्या लेखनाला स्थैर्य लाभले. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे हक्क तिने एकशे दहा पौंडांना विकले. ते पुस्तक आजही जगभर खपत असताना हा आकडा वाचला की मनाला चटका बसतो.

त्या कादंबरीतील शार्लट ल्यूकस हिचेही वय सत्तावीस आहे, आणि ती कॉलिन्सला होकार देते. पुष्कळ वाचक शार्लटकडे तुच्छतेने पाहतात. मला ते अन्यायाचे वाटते. एलिझाबेथ रूपवती आहे, तरुण आहे आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या नकाराच्या वेळी तिचा बाप तिच्या पाठीशी उभा आहे. शार्लटला यांपैकी काहीच नाही. भावांच्या घरी म्हातारपणापर्यंत ओझे होऊन राहणे आणि एका मूर्ख परंतु निरुपद्रवी माणसाचा संसार करणे, यांतून तिने डोळसपणे निवड केली, आणि नवऱ्याने आपला बराच वेळ बागेत घालवावा अशी व्यवस्था करून त्या संसारात स्वतःपुरती शांतता मिळविली. नायिकेचा नकार आपल्याला उदात्त वाटतो, तो शार्लटचा होकार शेजारी असल्यामुळेच. ऑस्टिनने दोघींना जिवलग मैत्रिणी केले, यात तिची न्यायबुद्धी दिसते.

ऑस्टिनच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ‘पर्स्वेजन’मध्ये याची दुसरी बाजू येते. अ‍ॅन एलियटने एकोणिसाव्या वर्षी वेंटवर्थशी आपल्या मनाने जोडलेले नाते एका हितचिंतक वडीलधाऱ्या बाईच्या सल्ल्याने तोडले, कारण त्या तरुण नौदल अधिकाऱ्याजवळ पैसा नव्हता. आणि आठ वर्षांनी तो पंचवीस हजार पौंड मिळवून परत आला. तो नकार तिच्या ओठांतून निघाला तरी तिचा नव्हता. ज्या वाचकाने या कादंबऱ्या कधीच वाचल्या नाहीत, त्याने माझ्या मते येथूनच आरंभ करावा.

शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ १८४७ सालची. तिची नायिका दरसाल तीस पौंडांवर एका श्रीमंत घरात मुलीला शिकविण्यास राहते आणि घराच्या मालकाच्या, रॉचेस्टरच्या, प्रेमात पडते. विवाहविधी चालू असतानाच त्याची पहिली पत्नी जिवंत असल्याचे उघडकीस येते. रॉचेस्टर तिला आपल्याबरोबर परदेशी येऊन राहण्याची विनवणी करतो, आणि तिचे सारे मन त्याच्याकडे ओढ घेत असताना ती रात्रीच्या शेवटी घर सोडते. जवळचे वीस शिलिंग घोडागाडीच्या भाड्यात जातात, गाठोडे गाडीतच राहते आणि ती माळरानावर उपाशी भटकते. नकाराची किंमत इतक्या उघडपणे, पोटातल्या भुकेच्या रूपाने, त्यापूर्वी क्वचितच कोणी लिहिली असेल. दुसरा नकार मला त्याहून सूक्ष्म वाटतो. सेंट जॉन रिव्हर्स हा कर्तव्यकठोर पाद्री तिला पत्नी करून धर्मप्रसारासाठी हिंदुस्थानात नेऊ इच्छितो, तिला हिंदुस्थानी भाषा शिकावयास लावतो. ती सहकारी म्हणून, बहीण म्हणून यावयास तयार होते, पत्नी म्हणून नाही. काम आणि देह यांच्यामध्ये तिने ओढलेली ती रेषा १८४७ साली विलक्षण होती. ब्राँटेने स्वतः १८३९ मध्ये हेन्री नसी या पाद्र्याची मागणी नाकारली होती, हे येथे आठवते. मात्र एक खंतही सांगितली पाहिजे: रॉचेस्टरची पहिली बायको बर्था, जमेकाहून तीस हजार पौंडांसह आणलेली आणि माडीवर कोंडलेली, तिला या कादंबरीत एक वाक्यही बोलू दिलेले नाही. तिला वाचा फुटली ती जीन ऱ्हिस या लेखिकेच्या १९६६ मधील कादंबरीत.

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) हा प्रश्न विवाहानंतरच्या आयुष्यात शिरतो. डोरोथियाने विद्वत्तेच्या ओढीने वृद्धत्वाकडे झुकलेल्या कॅसॉबनशी लग्न केले. आजारी कॅसॉबन तिच्याकडे वचन मागतो की, माझ्या पश्चात मी इच्छीन तसेच वाग. काय वागावयाचे ते मात्र सांगत नाही. ती रात्रभर तळमळते आणि दयेपोटी होकार देण्याचे ठरवून सकाळी बागेत जाते, तर तेथे तो मरून पडलेला असतो. त्याच्या मृत्युपत्राच्या पुरवणीत अट निघते: कॅसॉबनच्या नात्यातल्या विल लॅडिस्लॉ या तरुणाशी विवाह केल्यास सारी मिळकत जाईल. ती मिळकत सोडते आणि आपल्या दरसाल सातशे पौंडांवर विलशी लग्न करते. सातशे पौंड ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, आणि एलियट ते लपवीत नाही. पैसा हातात असला की नकार किती सोपा होतो, हे ती आपल्याला स्वच्छ दाखविते.

हे शतक संपण्यापूर्वी हाच प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईने पती दादाजी भिकाजी याच्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. तिने नांदावयास यावे म्हणून १८८४ मध्ये त्याने दावा लावला. हा दाव्याचा प्रकार इंग्रजांच्या धर्मन्यायालयांतून आलेला होता, आणि त्याच १८८४ साली इंग्लंडने त्यातील कैदेची शिक्षा आपल्यापुरती रद्द केली होती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईच्या बाजूने निर्णय दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम केला, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी ती वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला गेली.

त्या तडजोडीनंतर दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी लिहावयास घेतली. इंग्रजी कादंबरी त्यांनी आस्थेने वाचलेली होती. परंतु त्या कादंबरीचा जो मुख्य प्रसंग, मागणी आणि तिचे उत्तर, तो त्यांना आपल्या कथेत आणणे शक्यच नव्हते, कारण पोरवयात बोहल्यावर चढविलेल्या मुलीला होय-नाही विचारतो कोण? आपट्यांच्या नायिकेला, यमूला, लग्नाविषयी कोणी विचारले नाही, आणि वैधव्यानंतर सक्तीने केशवपन करतानाही विचारले नाही. म्हणून आपट्यांनी तिची सारी हकीकत तिच्याच मुखाने, प्रथम पुरुषात, सविस्तर सांगविली.