चिमट्याची भीती, सिझरचा भरवसा

एखादे मूल उशिरा बोलू लागले किंवा अभ्यासात मागे पडले, की घरातले कोणी तरी जुना हिशेब काढते, ‘बाळंतपणात चिमटा लावला होता ना, म्हणून.’ चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, लावला की बाळाच्या डोक्याला कायमची इजा, ही समजूत आपल्याकडे फार मुरलेली आहे. त्यामुळे डॉक्टर प्रसूतीच्या खोलीतून बाहेर येऊन ‘बाळ खाली येऊन अडले आहे, मदत करून काढावे लागेल’ असे म्हणाले, की नातेवाईक हात जोडतात, ‘डॉक्टर, चिमटा नको, सिझरच करा.’ सिझर सुरक्षित आणि चिमटा धोक्याचा, असे सरळ गणित त्यामागे असते. प्रत्यक्षात ते इतके सरळ नाही.

ही वेळ कोणती असते, ते आधी पाहू. गर्भाशयाचे तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटिमीटर उघडलेले असते. पाणमोट फुटलेली असते. बाळाचे डोके कमरेच्या हाडांच्या पोकळीत खोलवर उतरलेले असते आणि शेवटचा थोडा रस्ता राहिलेला असतो. नेमके इथे काम अडते. कधी आई जोर देऊन देऊन थकलेली असते, कधी बाळाचे ठोके मंदावतात, कधी डोके थोडे तिरके वळलेले असते. आईला हृदयविकार असेल, तर तिने फार वेळ जोर लावणेच धोक्याचे असते.

अशा वेळी दोन साधने हाताशी असतात. फोर्सेप्सची दोन पसरट, वाकलेली पाती बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी गालांपर्यंत बसतात. व्हॅक्यूममध्ये एक वाटी हवा शोषून डोक्याला चिकटवली जाते. दोन्हींत कळ येते, आई जोर देते आणि त्याच क्षणी डॉक्टर ओढतात. आईचा जोर नसेल, तर व्हॅक्यूम फारसा उपयोगाचा नाही.

फोर्सेप्सचा इतिहास मोठा विचित्र आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील चेंबरलेन घराण्याने हे साधन वापरात आणले आणि पिढ्यान्‌पिढ्या, शंभराहून अधिक वर्षे, ते घरातले गुपित म्हणून दडवून ठेवले. त्यांची मूळ हत्यारे 1813 मध्ये एसेक्स परगण्यातल्या एका जुन्या घरात, माळ्यावरच्या फरशीखाली सापडली. तोवर साधन सर्वत्र माहीत झाले होते, पण ते कधी वापरावे यावर डॉक्टरांचे एकमत नव्हते. 1817 मध्ये इंग्लंडची राजकन्या शार्लट सुमारे पन्नास तास कळा देत होती. फोर्सेप्स असूनही तिच्या डॉक्टरांनी ते वापरले नाहीत. बाळ मृत जन्मले, काही तासांनी शार्लटही गेली आणि काही महिन्यांनी त्या डॉक्टरांनी आत्महत्या केली. व्हॅक्यूम बराच नंतरचा. आज आपण ओळखतो तो प्रकार स्वीडनचे डॉक्टर माल्मस्ट्रोम यांनी 1950 च्या दशकात प्रचारात आणला.

आता धोके. ते आहेत आणि लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांची संस्था गर्भवतींना जे आकडे सांगते, त्यानुसार शौचाच्या मार्गाच्या स्नायूपर्यंत जाणारी खोल चीर साध्या योनिमार्गी प्रसूतीत शंभरात सुमारे तीन स्त्रियांना पडते. व्हॅक्यूमने हे प्रमाण चारपर्यंत आणि फोर्सेप्सने आठ ते बारापर्यंत जाते. बाळाच्या बाजूने पाहिले तर पारडे उलटे झुकते. व्हॅक्यूमने डोक्याच्या हाडावरच्या आवरणाखाली रक्त साकळून गाठ येण्याचा संभव अधिक असतो. फोर्सेप्सने गालावर वळ उठतात आणि क्वचित चेहऱ्याची नस दुखावते. ही दुखापत बहुधा काही आठवड्यांत भरून येते. बाळ बाहेर येण्याची खात्री फोर्सेप्सने अधिक, तर आईला इजा व्हॅक्यूमने कमी. त्यामुळे कुठले साधन चांगले, याचे एकच उत्तर नाही. ते हाताळणाऱ्याला कोणते नीट येते, याला मोठे महत्त्व आहे.

पण हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? आपण ते नकळत सुखरूप, आपोआप झालेल्या प्रसूतीशी ताडतो. अडलेल्या बाईपुढे तो पर्याय उरलेलाच नसतो. तिच्यापुढे पर्याय असतो तो कळा देऊन झाल्यावरच्या सिझरचा. कॅलिफोर्नियात पहिलटकरणींच्या सुमारे 5 लाख 83 हजार बाळांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. कवटीच्या आत रक्तस्राव होण्याचे प्रमाण आपोआप जन्मलेल्या बाळांत 1900 मागे एक होते. व्हॅक्यूममध्ये ते 860 मागे एक, फोर्सेप्समध्ये 664 मागे एक. इथपर्यंत नातेवाइकांची भीती खरी वाटते. पण कळा सुरू झाल्यानंतर केलेल्या सिझरमध्येही ते 907 मागे एक होते! कळांआधी ठरवून केलेल्या सिझरमध्ये मात्र 2750 मागे एक. म्हणजे बराचसा धोका हत्यारात नसून अडलेल्या बाळंतपणातच असतो. त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा डॉक्टरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. व्हॅक्यूम आणि फोर्सेप्स दोन्ही वापरलेल्या बाळांत हे प्रमाण 256 मागे एक होते. एका साधनाने जमले नाही म्हणून दुसरे हातात घेण्याआधी दहादा विचार करावा, तो यासाठी.

शेवटच्या टप्प्यातले सिझर हे ठरवून केलेल्या सिझरसारखे नसते. डोके खाली रुतून बसलेले असते, ते पोटातून वर काढताना गर्भाशयाचा छेद फाटू शकतो, रक्तस्राव वाढतो. ब्रिस्टॉलमधील 393 स्त्रियांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा सिझरनंतर मोठा रक्तस्राव आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवण्याची गरज, दोन्ही अधिक आढळले. बाळाला किरकोळ इजा मात्र साधनांनीच अधिक झाल्या होत्या. शिवाय गर्भाशयावरचा व्रण पुढच्या गरोदरपणातही त्रास देऊ शकतो. वार त्या व्रणात रुतून बसली, तर जिवावर बेतते. साधनाने एकदा प्रसूती झालेल्या बहुतेक स्त्रियांची पुढची प्रसूती मात्र आपोआप होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात 21.5 टक्के आणि महाराष्ट्रात 25.4 टक्के बाळंतपणे सिझरने झाली. देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 47.4 टक्के, सरकारी रुग्णालयांत 14.3 टक्के होते. यातली कितीतरी सिझर गरजेचीच असतात. पण सिझर करून काही बिघडले तर ‘डॉक्टरांनी सगळे केले’ असे म्हणतात आणि चिमटा लावून बिघडले तर ‘डॉक्टरांनी वाट लावली’, हेही खरे आहे. मग तरुण डॉक्टर साधनाला हात लावायला कचरतात, आणि हात बसला नाही की कौशल्य जाते. हे नुकसान शहरापेक्षा खेड्यात अधिक भोवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूलभूत तातडीच्या प्रसूतीसेवांच्या यादीत साधनाने प्रसूती आहे, सिझर नाही. भूलतज्ज्ञ नाही, रक्तपेढी दोन तासांवर, अशा ठिकाणी व्हॅक्यूमची एक वाटी आणि ती लावणारा सरावाचा हात यांचे मोल वेगळेच.

अर्थात काही अटी पाळायलाच हव्यात. तोंड पूर्ण उघडलेले, डोके नीट उतरलेले, त्याची दिशा कळलेली, लघवीची पिशवी रिकामी केलेली, आईला समजावून तिची संमती घेतलेली आणि दुखू नये याची सोय केलेली हवी. 32 आठवड्यांआधीच्या बाळाला व्हॅक्यूम लावत नाहीत. दोन-तीन कळांत डोके पुढे सरकत नसेल, तर थांबायचे. ‘आणखी एकदा बघू’ हा हट्टच सर्वांत घातक. प्रतिजैविकाची एक मात्राही विसरू नये. ब्रिटनमधील 3,420 स्त्रियांच्या चाचणीत (2019) प्रसूतीनंतर लगेच दिलेल्या एका मात्रेने जंतुसंसर्ग 19 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आला.

घरी आल्यावरचे दोन शब्द. व्हॅक्यूमची वाटी लागलेल्या जागी फुगवटा दिसतो, तो दोन-तीन दिवसांत ओसरतो. रक्ताची गाठ असेल तर आठवडे लागतात. त्या काळात कावीळ वाढत नाही ना, हे पाहावे. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आधीच बजावून ठेवा : डोके दाबून गोल करायचे नाही, गाठ चोळायची नाही, शेकायची नाही. पहिल्या दिवशी सूज पसरत कानाकडे किंवा मानेकडे उतरू लागली, बाळ फिके पडले किंवा दूध ओढेना, तर मात्र एक मिनिटही न दवडता डॉक्टरांना दाखवावे. आईने टाके कोरडे ठेवावेत आणि डिंकाच्या लाडवांबरोबर भरपूर पाणी, भाज्याही घ्याव्यात, कारण शौचाला कुंथणे टाक्यांना मानवत नाही. वारा किंवा शौच आवरत नसेल, तर ‘बाळंतपणात असे चालायचेच’ म्हणून गप्प बसू नये. त्यावर उपचार आहेत आणि लवकर गेल्यास अधिक उपयोग होतो.