यंत्राआधी हात
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या महिलांना विचारलं गेलं : कर्करोगासाठी स्तनांची तपासणी कधी करून घेतलीत? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या शंभरात एकही धड नाही, ०.९ टक्के. तमिळनाडूत मात्र साडेपाच टक्क्यांच्या पुढे. तिथे सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका रक्तदाबासोबत ही तपासणीही हातांनी करतात. त्यामुळे ‘तालुक्याला मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) यंत्र नाही’ ही सबब लंगडी वाटते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८पासून सुमारे दीड लाख महिलांवर अभ्यास केला. त्यातल्या निम्म्याजणींचे स्तन आणि काखा दहावी शिकलेल्या, प्रशिक्षित कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बोटांनी चाचपून बघत. उरलेल्या निम्म्यांच्या तुलनेत या गटात पन्नाशीपुढच्या महिलांचे स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी निघाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही.