हौद्यातली माती आणि ऑगस्टाचा ओढा

अकलूजकरांना कुस्ती म्हणजे काय हे सांगायला जाणे म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. नीरेच्या काठचे हे गाव उसाने आणि साखर कारखान्याने नावारूपाला आले, पण गावाची छाती फुगते ती हलगी कडाडली की. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटलांच्या काळापासून इथे पहिलवानाला मान आहे. महाराष्ट्र केसरीची गदा या गावात दोनदा उचलली गेली. १९७६ साली ती हिरामण बनकर यांच्या खांद्यावर गेली आणि २०११ साली नरसिंग यादव यांच्या. गाव तेच, गदा तीच आणि भोवती बसलेल्या माणसांचा दर्दीपणाही तोच. पण या पस्तीस वर्षांत पायाखालची जमीन मात्र बदलत गेली.

ही जमीन बदलण्याची गोष्ट आज सांगायची आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत आता दोन विभाग असतात, एक मातीचा आणि एक गादीचा. मातीतला अव्वल मल्ल आणि गादीवरचा अव्वल मल्ल यांची अखेरची लढत होते आणि ती होते गादीवर. म्हणजे जो गडी मातीत सगळ्यांना अस्मान दाखवून आला, त्याने शेवटच्या दिवशी पाय धुवायचे, बूट चढवायचे आणि परक्या अंगणात उतरायचे. जुनी माणसे म्हणतात, हा अन्याय आहे. नवे प्रशिक्षक म्हणतात, जग गादीवर खेळते, तुम्ही किती दिवस मातीला कवटाळून बसणार? दोन्ही बाजूंना पोटतिडीक आहे आणि दोन्ही बाजूंना थोडेथोडे खरेही आहे. एखादी कसोटी नामांकित झाली, पिढ्यांनी तिच्यावर माणसे पारखली, की काळाबरोबर ती बदलायची का आणि बदलायची तर किती, असा हा पेच आहे.

तो केवळ आपलाच आहे असे मात्र समजू नका. सातासमुद्रापलीकडे, ज्या खेळाशी माळशिरस तालुक्याचा काडीचा संबंध नाही त्या गोल्फमध्ये, हाच वाद मोठमोठ्या माणसांनी घातला आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नावाचे गाव आहे. तिथल्या मैदानावर १९३४ पासून मास्टर्स ही स्पर्धा भरते. मैदानाला अठरा टप्पे असतात, त्यांना होल म्हणतात. त्यातला तेरावा होल साऱ्या गोल्फजगतात प्रसिद्ध. अझेलियाच्या फुलांवरून त्याचे नाव पडले आहे. वाट डावीकडे वळते आणि शेवटी, जिथे चेंडू खळग्यात घालायचा त्या हिरवळीच्या अगदी तोंडाशी, एक ओढा आडवा येतो. पाच फटक्यांत हा टप्पा पुरा करावा अशी अपेक्षा. पहिला फटका चांगला बसला की खेळाडूपुढे प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडून हिरवळ गाठायची, की ओढ्याच्या अलीकडे थांबून सावधपणे पुढे जायचे? साधले तर एक फटका वाचतो. चुकले तर चेंडू पाण्यात आणि बहुधा स्पर्धाही पाण्यात.

हे मैदान उभारणारे बॉबी जोन्स यांच्या मनात हा निर्णय मोठा, जोखमीचा असावा असे होते. पण काळ पुढे गेला. काठ्या सुधारल्या, चेंडू सुधारले, खेळाडू व्यायामशाळेत जाऊन दणकट झाले. पहिलाच फटका इतका लांब जाऊ लागला की ओढा ओलांडणे ही जोखीम न राहता रोजची रीत होऊन बसली. मग २००२ साली फटका मारण्याची जागा मागे नेऊन हा टप्पा ४८५ यार्डांचा ५१० यार्ड करण्यात आला. तेही पुरेना. तेव्हा शेजारच्या क्लबाची जमीन २०१७ मध्ये विकत घेऊन ती जागा आणखी मागे नेली आणि २०२३ च्या स्पर्धेपासून हा टप्पा ५४५ यार्डांचा झाला. आपल्या हिशेबात जवळजवळ पाचशे मीटर. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज हे तर गोल्फचे पंढरपूर. तिथल्या सतराव्या, ‘रोड होल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टप्प्याची आरंभाची जागाही २०१० च्या ओपन स्पर्धेसाठी अशीच मागे सरकवली. तेव्हाही कुरबुर झाली. वाडवडिलांनी आखलेल्या जमिनीला हात का लावता, असे एका बाजूचे म्हणणे. हात लावला नाही तर वाडवडिलांनी घातलेले कोडेच सुटून जाते, असे दुसऱ्या बाजूचे. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये गोल्फचे नियम करणाऱ्या दोन्ही संस्थांनी, मैदाने किती लांबवत बसायची, त्यापेक्षा चेंडूच थोडा कमी अंतर जाणारा करू, असे जाहीर केले.

या साऱ्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ऑगस्टाच्या लोकांनी ओढा हलवला नाही, तो बुजवलाही नाही. त्यांनी माणसाची उभे राहण्याची जागा हलवली. ओढ्याकाठी मनात जी घालमेल होते ती जपायची, एवढ्यासाठी त्यांनी जमीन खरेदी केली.

आता पुन्हा आपल्या हौद्याकडे येऊ.

तालमीतली माती ही रानातून आणून टाकलेली माती नव्हे. तांबडी माती चाळून घ्यायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालायचा, ती खोऱ्याने खणून उलथीपालथी करायची आणि मग तिला नमस्कार करून आत उतरायचे. हौदा खणणे हाच पहिलवानाचा पहिला व्यायाम. अशा मातीत पाय रुततो, त्यामुळे चपळाईला लगाम बसतो आणि दम, ताकद, पकड यांना मोल येते. अंगाला माती लागली की घामाने निसटणारा हात धरता येतो. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, एकलंगी, मोळी हे डाव या मातीत रुजले. निकाल एकच, चितपट. पाठ टेकली की संपले.

गादीचे तंत्र निराळे. नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, पायात बूट, तीन तीन मिनिटांचे दोन डाव. वर्तुळाबाहेर पाय गेला तरी समोरच्याला गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, उचलून फेकला तर चार किंवा पाच. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताच कुस्ती संपते. इथे खाली वाकून विजेसारखा पट काढणारा गडी राजा. मातीत रुतून उभा राहण्याची सवय असलेल्याला, आपला पाय कधी ओढला गेला हे कळेपर्यंत फळ्यावर गुण लागलेले असतात.

ही तफावत किती महाग पडू शकते हे खाशाबा जाधवांच्या आयुष्यात दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेला, तेव्हा गादी आणि तिचे नियम त्यांच्या अंगवळणी नव्हते. तरीही ते सहावे आले. चार वर्षे त्यांनी नव्या रिंगणाचा अभ्यास केला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. मातीत घडलेला मल्ल गादी शिकला म्हणून ते मिळाले, हे मातीच्या अभिमान्यांनी विसरू नये. आणि तो मातीत घडला होता, हे गादीवाल्यांनी विसरू नये.

त्यानंतर काय झाले? महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला २०२४ साल उजाडले. पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ते मिळवले, पण नेमबाजीत. २००८ पासून भारताला कुस्तीत पदकांमागून पदके मिळाली, ती सारी हरियाणा-दिल्लीकडच्या मल्लांनी आणली. गावोगावी तालीम असलेल्या, जत्रेजत्रेला फड भरवणाऱ्या महाराष्ट्राला बहात्तर वर्षांत कुस्तीचे दुसरे ऑलिम्पिक पदक नाही. बीडच्या राहुल आवारे यांनी २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून आपली थोडी लाज राखली. पण एक चांदणी उगवली म्हणून आभाळ उजळत नाही.

मग मातीला रामराम करावा काय? इतक्या घाईने निकाल देऊ नये, कारण गादीवाल्यांचे घरही काही देव्हाऱ्यासारखे स्वच्छ नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीने स्वतःच्या नियमांत इतक्या वेळा फेरफार केले की खुद्द प्रेक्षकच चक्रावले. एके काळी डाव गुणांवाचून संपला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढून कोणी पकड घ्यायची ते ठरत असे. ज्या खेळात माणूस माणसाला भिडतो तिथे नशिबाची सोडत! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारिणीने कुस्तीला २०२० च्या ऑलिम्पिकमधून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा या मंडळींचे डोळे उघडले. अध्यक्ष बदलला, सोडत गेली, दोन्ही डावांचे गुण एकत्र मोजायचे ठरले, नुसतेच टाळत राहणाऱ्या मल्लाला दंड आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्ती परत घेतली गेली. धोका पत्करणाऱ्याला फळ मिळाले पाहिजे, ही ऑगस्टाच्या ओढ्याची गोष्ट कुस्तीला अशी मार खाऊन शिकावी लागली.

मातीतही टाळाटाळ काही कमी नाही. वेळेचे बंधन नसलेल्या मोठ्या कुस्त्या आपण पाहिल्या आहेत. दोन नामांकित मल्ल, मोठे इनाम आणि अर्धा-अर्धा तास नुसती खडाखडी. मानेवर हात, कपाळाला कपाळ, आणि शेवटी पंचांनी दोघांचे हात वर करून बरोबरी जाहीर करायची. १९७७ साली चाळीसगावला तर महाराष्ट्र केसरीचा किताबच अनिर्णित राहिला. बरोबरी टाळावी म्हणून मातीतही गुण आणले, तर गुणांचे भांडण आले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड हे आपल्याच सोलापूर जिल्ह्याचे दोघे मल्ल भिडले आणि एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. चितपट झाली असती तर पंचाला कोणी विचारलेही नसते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदर शेख यांनी गदा जिंकली, हा भाग वेगळा.

गादीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या जुन्या तालमींच्या हौद्यात मुलींना पाऊल टाकू देत नसत. गादीला असले सोवळे नव्हते. तिच्यावर मुली उतरल्या, घडल्या आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी झाल्या. ज्या बदलाने निम्म्या समाजाला दार उघडले, त्याला परक्यांचे खूळ म्हणून झटकता येणार नाही. उलट अडचण अशी, की गादीला काही लाख रुपये लागतात, वर छप्पर लागते, तिची निगा लागते. हौद्याला चार पोरे आणि चार खोरी पुरतात. ज्या खेड्यात गादी नाही तिथल्या पोराने काय करायचे? तो मातीत राबतो, घरचे म्हशीचे दूध आणि बदाम यांपायी बापाचे उसाचे बिल संपते, आणि शेवटची कसोटी मात्र त्याने कधी न पाहिलेल्या जमिनीवर होते. या वादात खरे पणाला लागलेले आहे ते हे. संस्कृतीचा अभिमान वगैरे गोष्टी त्याच्या नंतरच्या.

म्हणून मला ऑगस्टाचा हिशेब पटतो. ओढा हलवू नका, उभे राहण्याची जागा हलवा. आपला ओढा म्हणजे मातीतली निकाली कुस्ती. ती जत्रेत, फडात आणि माती विभागात तशीच राहावी. तिला वेळेची मर्यादा घाला, टाळणाऱ्याला दंड करा, पण तिचा कस गुणांच्या पुस्तकात विरघळवू नका. आणि पोराची सुरुवातीची जागा मात्र बदला. बारा-तेरा वर्षांच्या पठ्ठ्याला सकाळी हौदा आणि संध्याकाळी गादी मिळाली, तर अठराव्या वर्षी त्याला दोन्ही जमिनी घरच्या वाटतील. तालुक्याला एक तरी चांगली गादी आणि ती शिकवणारा माणूस, एवढे करणे सहकाराने माळरानावर कारखाने उभे करणाऱ्या या मुलखाला जड नाही. केसरीच्या अखेरच्या लढतीचे म्हणाल, तर एक वर्ष ती गादीवर आणि एक वर्ष मातीत का होऊ नये? मग गादीवाल्यालाही हौदा खणावा लागेल. बदल एकाच बाजूने सोसायचा नसतो.

याच अकलूजने नव्वदच्या दशकात लावणीची राज्यस्तरीय स्पर्धा सुरू केली, तेव्हाही नाके मुरडली गेली होती. फडावरची लावणी स्पर्धेच्या मंचावर आणली, तिला परीक्षक आले, गुण आले. पण पारंपरिक लावणीचा आग्रह गावाने सोडला नाही आणि घरातल्या बायाबापड्या ती पाहायला उजळ माथ्याने येऊन बसल्या. मंच बदलला, लावणी लावणीच राहिली. ज्या गावाला हे जमले, त्याने कुस्तीचा मार्ग राज्याला दाखवायला हरकत नाही.

जत्रेच्या दिवशी दुपार कलली की लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात. आठ-नऊ वर्षांचा एखादा गडी लंगोट सावरत येतो, चिमूटभर माती कपाळाला लावतो आणि शड्डू ठोकतो. त्याला गादी ठाऊक नसते, गुण ठाऊक नसतात. समोरच्याच्या पायाला हात घालावा की न घालावा, एवढाच विचार त्या क्षणी त्याच्या डोळ्यांत दिसतो. मग तो हात घालतो.