एका दिवसाचे केंद्राध्यक्ष

निवडणूक जाहीर झाली की शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या टपालात एक आदेश येऊन पडतो. ‘मतदान केंद्राध्यक्ष’ म्हणून आपली नेमणूक झाल्याचे वाचताच पाचवीला भूगोल शिकविणाऱ्या शिक्षिकेला किंवा आवक-जावक सांभाळणाऱ्या लिपिकाला घाम फुटतो. वैद्यकीय दाखल्यांना याच दिवसांत बहर येतो, हेही खरे. परंतु या भीतीची टिंगल करण्यापूर्वी त्या एका दिवसात या माणसांवर काय सोपविले जाते, ते पाहणे इष्ट ठरेल.

मतदान सात वाजता सुरू व्हावयाचे, तर पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यावे लागते. किमान ५० मते नोंदवून, मोजून, यंत्र पुन्हा शून्यावर आणावयाचे आणि मगच मोहोरबंद करावयाचे. शून्यावर आणण्याचे विसरले, तर ती लुटुपुटीची मते खऱ्या मतांत मिसळतात. पुढे खरी कसोटी माणसांची. एखाद्या मतदाराच्या ओळखीवर प्रतिनिधीने आक्षेप घेतला, तर त्याच्याकडून दोन रुपये अनामत घेऊन तेथल्या तेथे चौकशी करावयाची, निर्णय केंद्राध्यक्षाचाच. कोणाच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर खऱ्या मतदाराला यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देऊ द्यावयाचे. सहा वाजता रांग उरली असेल, तर चिठ्ठ्या वाटावयाच्या त्या शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून नवा कोणी घुसत नाही. (हा नियम ज्याने घडविला, त्याला आपल्याकडील रांगांचा चांगलाच अनुभव असावा.) गावातील बडे प्रस्थ रांग मोडून आत येऊ लागले, तर त्याला थांबविण्याचे कामही याच लिपिकाचे.

एरवी याच लिपिकाला टाचण्यांची पेटी मागवावयाची तर वरिष्ठांची सही लागते. त्याच्या टिपणीवर तीन टेबले अभिप्राय देतात. मग एका दिवसात त्याच्या अंगी निर्णयशक्ती कोठून येते? दोन-तीन प्रशिक्षणवर्गांनी ती येत नाही. ती होतीच, एरवी तिला वाव नव्हता. त्या दिवशी नियम स्पष्ट असतात, अधिकार खरा असतो आणि प्रत्येक कृतीची नोंद स्वतःच्या सहीने करावी लागते. आपल्या कार्यालयांतील मंदपणाचे खापर कर्मचाऱ्यांच्या आळसावर फोडणाऱ्यांनी या तीन गोष्टींचा विचार केलेला दिसत नाही.

१९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांचे नाव इतिहासात राहिले, ते योग्यच. २०२४ मध्ये मतदारांची संख्या ९७ कोटींच्या घरात गेली. केंद्रे साडेदहा लाखांच्या आसपास होती. त्या प्रत्येक केंद्रावर असाच एक घाबरत आलेला अध्यक्ष होता.

मतदान संपल्यावर नोंदलेल्या मतांचा हिशेब प्रतिनिधींच्या हाती द्यावयाचा, दैनंदिनी पुरी करावयाची, यंत्र जमा करण्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावयाचे. यात बहुधा मध्यरात्र उलटते. वार्षिक गोपनीय अहवालात या दिवसासाठी सहसा रकाना नसतो. पुढे तो लिपिक कचेरीत येतो, हजेरीपटावर सही करतो आणि कालची जावक नोंदवून वरिष्ठांच्या सहीची वाट पाहत बसतो.