दोन-दोन पाउंडांनी

धनुष्य ही एकच सलग वस्तू असते, असं आपण चित्रांमुळे धरून चालतो. मैदानावर ती सुट्या भागांत येते, आणि ते भागही बहुधा एका वर्षी, एका कंपनीकडून घेतलेले नसतात. मधला धातूचा किंवा लाकडाचा दांडा म्हणजे रायझर. त्याला वर आणि खाली जोडायची दोन लवचिक पाती म्हणजे लिम्ब. रायझर एका थोरल्या खेळाडूनं वापरून सोडलेला, लिम्ब दुसऱ्याच कंपनीचे, दोरी तिथंच बसून वळलेली, आणि तरीही बाण नीट जातो.

संपादकांना खरं तर पदकांवर लेख हवा होता. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या, प्रकारातले जगज्जेते झाले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याआधी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं, धनुष्य घेऊन टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला होता. ‘महाराष्ट्रात हे कुठून येतंय ते बघा,’ असं मला सांगण्यात आलं. बघायला म्हणून पुण्याजवळच्या एका मैदानावर गेलो आणि तिरंदाजीच्या रेषेपेक्षा तिच्या मागच्या पत्र्याच्या खोलीतच जास्त वेळ रमलो.

त्या खोलीत साहित्य सांभाळणारे गृहस्थ स्वतः जुने तिरंदाज. मुलं त्यांना नुसतं ‘सर’ म्हणतात. भिंतीला लागून कापडी पिशव्यांत लिम्बच्या जोड्या ठेवलेल्या. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन आकडे: कंपनीनं छापलेलं पाउंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा जोर, आणि सरांनी स्वतः मोजलेलं. मोजायचं साधन म्हणजे प्रवासी बॅगा उचलून तोलायचा आकड्याचा वजनकाटा. दोरीच्या मध्यावर आकडा अडकवायचा, ज्याचं धनुष्य त्याच्या खेचीइतकं, म्हणजे तो दोरी जितकी मागे आणतो तितकं, ओढायचं, काटा काय म्हणतो ते लिहायचं. छापील आणि मोजलेला हे आकडे क्वचितच जुळतात, आणि ते का जुळत नाहीत हे समजलं की स्वस्तातले लिम्ब कसे निवडायचे, हे निम्मं समजलं.

त्याआधी लिम्ब आणि रायझरचा सांधा बघायला हवा. सरांनी एक लिम्ब माझ्या हातात दिलं. बुडाशी यू आकाराची खाच. खाचेच्या थोडं पुढं, तिरंदाजाकडच्या अंगाला धातूची गोलसर गुंडी आणि तिच्या पोटात स्प्रिंगवर बसलेली बारीक खीळ. रायझरच्या टोकाला या गुंडीच्या मापाची चीर असते आणि तिच्याजवळ जाड डोक्याचा बोल्ट. लिम्ब सरकवलं की खाच बोल्टच्या डोक्याखाली जाते, गुंडी चिरेत शिरते, खीळ ‘टक्’ करते. बस्स. ना पाना लागतो, ना आरपार स्क्रू. दोरी नसताना लिम्ब हातानं हललं तर हलतंही. ती खीळ फक्त ते खाली पडू नये म्हणून आहे.

खरी पकड दोरी चढवल्यावर येते. लिम्बचं टोक तिरंदाजाकडे ओढलं जातं, त्यामुळे बूड उलट दिशेला उचलायला बघतं आणि बोल्टचं डोकं त्याला तिथंच दाबून धरतं. ओढ जितकी जास्त तितका सांधा घट्ट. धनुष्य मोडू पाहणारा जोरच त्याला जोडून ठेवतो! शिवाय बोल्ट आत-बाहेर फिरवला की लिम्बचा कोन बदलतो आणि पाउंडेज साधारण पाच टक्के वर किंवा खाली जातं. वरचा आणि खालचा बोल्ट वेगवेगळा फिरवून दोन्ही लिम्बचा समतोल, म्हणजे टिलर, लावता येतो. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली धरणाऱ्याला वरच्या लिम्बचं दोरीपासूनचं अंतर काही मिलिमीटर जास्त लागतं. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्याला ते जवळपास सारखं चालतं.

या सांध्याचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. अमेरिकेत मिसुरी राज्यात १९३१ साली हॉइट बापलेकांनी धनुष्यं बनवायला सुरुवात केली. मुलगा अर्ल हॉइट धाकटा. १९८३ मध्ये ती ईस्टन या कंपनीनं विकत घेतली. हॉइटचा हा सांधा आला तोवर सुटी होणारी धनुष्यं नवी नव्हती. अमेरिकेतलेच धनुष्य बनवणारे फ्रेड बेअर यांचं तसं धनुष्य आधीच गाजलेलं होतं. पण प्रत्येकाचा सांधा आपापला. हॉइटच्या सांध्याचं वेगळेपण असं की तो इतरांनीही उचलला, आणि ‘इंटरनॅशनल लिम्ब फिटिंग’ या नावानं जगभर पसरला. खेळाडू त्याला नुसतं ‘आयएलएफ’ म्हणतात. बल्ब कोणत्याही कंपनीचा असो, होल्डरात बसतो. तसंच इथं झालं. गंमत म्हणजे २०१०च्या सुमारास खुद्द हॉइटनं ‘फॉर्म्युला’ नावाचा निराळा सांधा आणला. त्याचे लिम्ब आयएलएफ रायझरला बसत नाहीत. जुना सांधा मात्र बाजारात टिकला आणि हॉइटलाही तो सोडता आला नाही.

स्वस्त लिम्बची सोय झाली ती या मोकळीकीतून. कोरियाचे माजी राष्ट्रीय प्रशिक्षक पार्क क्युंग-रे यांनी १९९३ साली काढलेली विन अँड विन कंपनी आज ऑलिंपिक खेळाडूंचे लिम्बही बनवते आणि नवशिक्यांचेही. नवशिक्यांची मालिका काही काळ १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिक विजेत्या सेबास्तियाँ फ्लूत यांच्या नावावर होती. परदेशी बाजारात सुरुवातीच्या जोडीला साधारण शंभर डॉलर पडतात, वरच्या दर्जाच्या जोडीला सातशेच्या पुढं. दोन्हींचं बूड सारखंच. त्यामुळे महागाचा रायझर आणि स्वस्ताचे लिम्ब ही जोडी इथं कोणाला विजोड वाटत नाही.

सरांकडे त्या दिवशी एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी आली होती, सोबत वडील. मुलगी इंडियन राउंडमधून आलेली. हा आपल्याकडचा प्रकार: बांबूचं धनुष्य, नेम धरायची साइट नाही, अंतरं कमी. झारखंडच्या दीपिका कुमारीपासून कितीतरी जणींची सुरुवात बांबूवरच झाली. बांबूच्या धनुष्यावर अनेकदा आकडा नसतो, म्हणून सरांनी आधी तिचंच धनुष्य काट्याला लावलं. मग तिची खेच मोजली: सव्वीस इंच.

वडिलांनी विचारलं, “सर, सव्वीसचे लिम्ब घेऊ ना? पुढं कामाला येतील.”

“दादा, सव्वीस कुठल्या रायझरवर ते आधी बघू,” सर म्हणाले आणि त्यांनी लिम्बवरचा छापा दाखवला. त्यावर दोन ओळी होत्या: पंचवीस इंची रायझरवर ६८ इंच आणि २६ पाउंड, तेवीस इंचीवर ६६ इंच आणि २८ पाउंड. म्हणजे लिम्ब तेच. रायझर दोन इंचांनी आखूड झाला की धनुष्यही दोन इंचांनी आखूड आणि ओढ अंदाजे दोन पाउंडांनी जड. हे सगळं अठ्ठावीस इंचांच्या खेचीला. खेच एक इंच कमी असेल तर साधारण दोन पाउंड उतरतात. म्हणून पंचवीस इंची रायझरवर ‘सव्वीस’चे लिम्ब या मुलीच्या बोटांवर बाविसाच्या आसपास भरतील. आखूड, मध्यम, लांब या तीन मापांतून तिला मध्यम किंवा आखूड पुरेल. अठ्ठावीसच्या पुढं खेच असलेल्याला लांब. फार आखूड धनुष्य लांब हातांनी ओढलं तर शेवटच्या इंचांत ते एकदम जड होतं आणि दोरीचा कोन बोटांना चिमटतो.

मग सरांनी तिला एक धनुष्य पूर्ण ओढून धरायला लावलं आणि घड्याळ पाहिलं. अर्धा मिनिट, थोडी विश्रांती, पुन्हा अर्धा मिनिट. तिसऱ्या खेपेला खांदा कानाकडे चढला. त्यांनी ते लिम्ब काढलं आणि दोन पाउंडांनी हलकं लावलं. माझ्या मते सगळी विद्या या दोन पाउंडांत आहे. आयएलएफचे लिम्ब दोन-दोन पाउंडांच्या अंतरानं मिळतात आणि मधली जागा बोल्ट भरून काढतो. साइट वगैरे काही नको, लाकडी पारंपरिक धनुष्यच हवं, अशी आवड असणारे पुष्कळ जण बासष्ट इंची, तीन तुकड्यांचं, हातानं स्क्रू पिळून जोडायचं धनुष्य घेतात. ते स्वस्त, देखणं आणि दणकट. पण त्याचे लिम्ब बहुतेक पाच-पाच पाउंडांनी चढतात: पंचवीस, तीस, पस्तीस. मोठ्या माणसाच्या खांद्यालासुद्धा पाच पाउंड ही मोठी उडी आहे.

अशांसाठी सर मधला मार्ग सुचवतात. आयएलएफ सांधा असलेला एकोणीस किंवा एकवीस इंची रायझर घ्या, हवं तर लाकडी, आणि त्यावर हेच स्वस्त लिम्ब लावा. मध्यम लिम्ब एकोणीस इंचीवर बासष्ट इंचांचं धनुष्य देतात. फक्त हिशेब विसरू नका. पंचवीसवर सव्वीस पाउंड असलेली जोडी इथं पाच-सहा पाउंडांनी जड होईल, आणि रायझरच्या चिरेचा कोन वेगळा असेल तर आणखी थोडा फरक पडेल. म्हणून हवं त्यापेक्षा कमी आकड्याचे लिम्ब मागवायचे. हौशी माणसाच्या गळी हे उतरवणं सरांना मुलांना शिकवण्यापेक्षा कठीण जातं, कारण त्याला मित्रांना आकडा सांगायचा असतो.

स्वस्त लिम्बच्या आत काय असतं? मेपल किंवा बांबूच्या पट्टीचा गाभा, दोन्ही अंगांना फायबरग्लास. महागात गाभा फोमचा, थर कार्बनचे. कार्बन हलका असल्यानं लिम्ब लवकर परततं आणि बाणाला जास्त वेग देतं. सत्तर मीटरवर तो वेग लागतो. अठरा मीटरवर, ज्याची दोरी अजून हनुवटीला दर वेळी एकाच जागी लागत नाही त्याला, तो वेग काहीच देत नाही. वर्षभरात ही जोडी जायचीच आहे, आणि म्हणूनच ती स्वस्त हवी.

इथवर सगळं छान. पण मोकळ्या सांध्याची एक बाजू अशी की त्याचं माप सगळेच पाळतात, राखत मात्र कोणी नाही. गुंडी कुठं किंचित जाड, चीर कुठं किंचित अरुंद. लिम्ब अडकत असेल तर सर कानस हातात घेऊ देत नाहीत. बोल्टचे वॉशर बदलून बघतात, नाहीतर जोडी परत पाठवतात. दोरी चढवली की धनुष्य खुर्चीवर आडवं ठेवून मागून एक डोळा मिटून बघायचं: दोरी दोन्ही लिम्बच्या मध्यरेषेवरून जाते का? स्वस्त जोडीत एखादं लिम्ब पिळलेलं निघतं. कधी ते कारखान्यातून तसं येतं, पण पुष्कळदा ते घरीच पिळलं जातं. कारण दोरी चढवायला स्ट्रिंगर न वापरता धनुष्य पायात अडकवून वाकवतात, किंवा दोरीसकट भिंतीला टेकवून ठेवतात. त्यात आपला उन्हाळा. नागपूर-अमरावतीकडे मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या लिम्बचे थर सुटू शकतात. आणि बाण न लावता दोरी सोडली, तर महागाचं असो वा स्वस्ताचं, लिम्बचं आयुष्य त्याच क्षणी संपू शकतं.

दुसरी अडचण खर्चाची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. लिम्ब बदललं की दोरीची लांबी बदलू शकते. पाउंडेज चार-सहानं वाढलं की जुने बाण मऊ पडतात आणि ताठ बाण घ्यावे लागतात. डझनभर बरे बाण म्हणजे पुन्हा जवळपास एका स्वस्त जोडीचे पैसे. वडिलांनी मनात धरलेली किंमत निम्मीच असते, आणि उरलेलं निम्मं समोर आलं की ते म्हणतात, ‘मग एकदाच जड घेऊन टाकू.’

मला काळजी वाटते ती या वाक्याची. मुलगी दिवसाला शंभर बाण मारणार असेल, तर बावीसऐवजी सव्वीस पाउंडांवर तिच्या खांद्यावर रोज चारशे पाउंड, म्हणजे सुमारे १८० किलो जास्तीची ओढ पडते. ती ओढ पेलायला शरीर वाट शोधतं: खांदा वर चढतो, पाठ मागे जाते, दोरी पूर्ण येण्याआधीच बोटं सुटतात. वर्षभरात हीच तिची शैली बनते. मग लिम्ब बदलून भागत नाही, आणि दुखावलेल्या खांद्यासाठी सुटा भाग मिळत नाही. सांधा बनवणाऱ्यानं चढणं सोपं केलं, हे खरं. पण पायऱ्या गाळण्याची सोयही त्याच बोल्टनं दिली.

उपाय सरांच्या खोलीत अर्धवट उभा आहे. त्या पिशव्या क्लबच्या मालकीच्या आहेत. मुलं हलकी जोडी वापरतात, परत करतात, पुढची नेतात. ब्रिटनमधली काही दुकानं नवशिक्यांना असेच लिम्ब भाड्यानं देतात. एका मापात अठरापासून बत्तीस पाउंडांपर्यंत आठ जोड्या लागतात, तीन मापांत चोवीस; वरच्या दर्जाच्या तीन-चार जोड्यांच्या किमतीत हे सगळं होतं. सरांच्या भिंतीवर मध्यम मापाची रांग जवळपास पूर्ण आहे. आखूड मापात मात्र वीस आहे, चोवीस आहे, बावीस नाही. बांबू सोडून येणाऱ्या मुलींना बहुतेक वेळा नेमकी तीच जोडी लागते. वडिलांनी शेवटी नवीन काही घेतलं नाही. मुलीला विसाची जोडी मिळाली, बोल्ट आत पिळून, आणि पुढच्या तपासणीची तारीख सरांनी चिठ्ठीवर लिहून दिली. जिल्ह्याजिल्ह्यात मैदानं होत आहेत, रायझरही येत आहेत. पुढच्या वेळी कोणी देणगी द्यायला आलं, तर त्याच्याकडून आखूड मापाची बावीस पाउंडांची जोडी मागून घ्यावी.