ब्रुसेल्सची अभ्यास सहल : राज्यशास्त्राचे प्रात्यक्षिक

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा असते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र बहुधा पाठ्यपुस्तकावरच विसंबावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी युरोपातील अनेक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांना ब्रुसेल्सला अभ्यास सहलीस नेतात. युरोपीय संघाचा आयोग, मंत्री परिषद आणि संसद यांच्या इमारती या शहरात चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. अशा सहलीतून नेमके काय शिकता येते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्रतिनिधित्वाची दोन तत्त्वे

संघाचे बहुतेक कायदे संसद व मंत्री परिषद मिळून करतात, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याचा अर्थ संसदेच्या प्रेक्षक सज्जात बसल्यावर उलगडतो. तेथे सदस्य देशवार नव्हे, तर राजकीय गटांनुसार बसतात. जर्मनीचा समाजवादी सदस्य स्पेनच्या समाजवाद्यांच्या गटात असतो, स्वदेशातील विरोधकांसमवेत नव्हे. मंत्री परिषदेत मात्र प्रत्येक मंत्री आपल्या देशाच्या वतीने बसतो. एक संस्था नागरिकांची, तर दुसरी राष्ट्रांची.

२०२४ च्या निवडणुकीनुसार संसदेच्या ७२० जागांपैकी जर्मनीस ९६, तर माल्टास ६ जागा आहेत. परिषदेत आयोगाच्या प्रस्तावावर सामान्यतः २७ पैकी किमान १५ देशांचा आणि ६५ टक्के लोकसंख्येचा पाठिंबा लागतो. आपल्या वस्तू व सेवा कर परिषदेतही मतांना वजन आहे : केंद्रास एक तृतीयांश, सर्व राज्यांना मिळून दोन तृतीयांश, निर्णयास तीन चतुर्थांश बहुमत आवश्यक असते. मोठ्यांनी लहानांना दडपू नये आणि लहानांनी मोठ्यांना अडवू नये, हा पेच दोन्हीकडे आहे.

तडजोडीची किंमत

संसदेच्या समित्या ब्रुसेल्समध्ये भरतात. पण वर्षातील १२ पूर्ण अधिवेशने स्ट्रासबर्गला होतात. तेथील कामकाज ब्रुसेल्सला हलविल्यास वर्षाला सुमारे ११.४ कोटी युरो वाचतील, असा अंदाज युरोपीय लेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये मांडला होता. निव्वळ हिशेबाने पाहिल्यास ही उधळपट्टी वाटते. परंतु १८७१ ते १९४५ या काळात जर्मनी व फ्रान्स यांच्यात वारंवार हस्तांतरित झालेले हे शहर पाहिल्यावर विद्यार्थ्यास या खर्चामागील समेटाचे मोल जाणवते. शिवाय बदलासाठी करारदुरुस्ती, म्हणजेच फ्रान्ससह सर्व सदस्य देशांची संमती हवी. संस्था केवळ कार्यक्षमतेवर नव्हे, तर इतिहासावरही उभ्या असतात, हा धडा येथे मिळतो.

संधी कोणाला?

परदेश सहल खर्चिक असते. सहाय्याअभावी ती सधन कुटुंबांतील मुलांपुरतीच उरते आणि शिक्षणातील विषमता वाढते. म्हणूनच सार्वजनिक निधीचे महत्त्व. संसद सदस्यांच्या निमंत्रणावरून येणाऱ्या गटांना प्रवासासाठी आर्थिक हातभार मिळतो. दीर्घ मुदतीच्या शिक्षणासाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेत पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी सहभागी झाले होते. पुढे ही संख्या लाखांवर गेली.

अर्थात, केवळ प्रवासाने ज्ञान मिळत नाही. निघण्यापूर्वी प्रश्न निश्चित करणे, तेथे निर्णयप्रक्रियेचे निरीक्षण करणे आणि परतल्यावर ते पुस्तकाशी ताडून पाहणे, या तीन पायऱ्या नसतील तर सहलीचे पर्यटन होते. या पायऱ्या पाळल्यास ग्रामसभेची एक बैठकही राज्यशास्त्राची प्रयोगशाळा ठरू शकते. परदेशी जाण्याची संधी नसलेल्या विद्यार्थ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.