ओल्या पावलांचा ठसा

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी दुपारी मिरजेतल्या माझ्या दवाखान्यात एकाच घरातल्या तीन पिढ्या आल्या. पुढे आजी, मागे त्यांची चाळिशीची लेक आणि लेकीचे बोट धरून पाच वर्षांची नात. खुर्चीत टेकताच आजींनी पिशवीतून घड्या पडून पिवळा झालेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. अक्षर माझे होते, सही माझी होती आणि साल होते १९९१.

"ओळखलंत का डॉक्टर? हिला लहानपणी तुम्हीच बूट दिले होते. पाय कसे छान झाले बघा पोरीचे! आता नातीचेही पाय अगदी तसेच फताडे. तेच बूट लिहून द्या."

मी कागद वाचला. मुलगी सहा वर्षांची, दोन्ही पावले सपाट. उपचार म्हणून आतून कमानीला आधार दिलेले जाड चामड्याचे बूट, दिवसभर, दोन वर्षे. तेव्हा माझा दवाखाना सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. शिकताना आम्हाला जे शिकवले होते तेच मी लिहिले होते. आजी कौतुकाने माझ्याकडे पाहत होत्या आणि मला मात्र कागदावरून नजर वर उचलवत नव्हती.

आपल्याकडे पावलांकडे लोकांचे लक्ष फार. दिवाळीत मुठीच्या कडेने उमटवलेली लक्ष्मीची पावले पाहा. त्यांची आतली बाजू कशी नेटकी वळलेली असते! न्हाणीघरातून पोर ओल्या पायाने बाहेर आले आणि फरशीवर अख्ख्या तळव्याचा ठसा उमटला, की घरातले कुणीतरी हमखास म्हणते, "याचे पाय फताडे आहेत गं." मुलगा असेल तर भरतीची काळजी, मुलगी असेल तर लग्नाची. मग शेजारीपाजारी विचारणे होते आणि शेवटी मंडळी आमच्याकडे येतात.

खरी गोष्ट अशी की लहान मूल जन्मते तेच सपाट पाय घेऊन. त्याच्या तळव्याला चरबीची गादी असते, सांध्यांचे बंध सैल असतात. पाऊल उचलून पाहिले तर कमान दिसते, पण त्यावर भार पडला की ती दबते. पहिल्या आठ-दहा वर्षांत बंध घट्ट होत जातात आणि बहुतेकांची कमान आपोआप वर येते. ऑस्ट्रियात तीन ते सहा वर्षांच्या ८३५ मुलांची तपासणी करून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्के मुलांचे पाय सपाट निघाले, सहा वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण २४ टक्के होते. खरोखर आजार म्हणावा असा सपाट पाय एक टक्क्याहूनही कमी मुलांत सापडला.

आमच्या कामाचा अवघड भाग हाच. शंभर निरोगी सपाट पायांत एखादा आजारी पाय लपलेला असतो, तो हुडकायचा आणि बाकीच्यांना सुखाने घरी पाठवायचे. त्यासाठी आधी लागतात ते डोळे आणि हात. यंत्राची पाळी नंतर.

मी नातीला पाठमोरी उभी केले. दोन्ही टाचा बाहेरच्या अंगाला कलल्या होत्या, आतली कमान जमिनीला टेकली होती. मग तिला म्हटले, "बाळ, फळीवरचा लाडवांचा डबा काढायचाय असं समज. चवड्यांवर उभी राहा पाहू." ती उभी राहिली आणि आजींच्या डोळ्यांदेखत दोन्ही पायांना सुरेख कमान आली. टाचाही आतल्या बाजूला वळल्या. पुन्हा सरळ उभी करून मी तिचा अंगठा हाताने वर उचलला, तर तेव्हाही कमान वर आली. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक चिवट पट्टा असतो. अंगठा उचलला की तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणला जातो आणि कमान उचलतो. या दोन्ही गोष्टी घडल्या, की पाऊल लवचीक आहे असे समजावे.

तिसरी तपासणी पोटरीची. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकलून पाहायचे, म्हणजे टाचेमागची शीर आखडलेली आहे का ते कळते. कॅनडाच्या लष्करात १९४०च्या दशकात हॅरिस आणि बीथ या दोघा डॉक्टरांनी साडेतीन हजारांहून अधिक सैनिकांची पावले तपासली होती. नुसते लवचीक सपाट पाय असलेल्यांना फारसा त्रास नव्हता. ज्यांची ही शीर आखडलेली होती, त्यांचे पाय मात्र दुखत. आपल्याकडेही सैन्यदलांच्या अधिकारी-प्रवेशासाठीच्या वैद्यकीय निकषांत नुसता सपाटपणा हा दोष मानलेला नाही. चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान येत असेल, पाऊल मोकळे हलत असेल आणि दुखत नसेल तर उमेदवार चालतो. ताठर पाऊल मात्र चालत नाही.

"मग निदान एक्स-रे तरी काढा," आजी म्हणाल्या. एक्स-रे न काढता फी घेणारा डॉक्टर आपल्याकडे जरा संशयास्पदच! पण न दुखणाऱ्या, लवचीक पावलाला एक्स-रे लागत नाही. शिवाय फार लहान मुलात तो फसवतो. कमानीच्या माथ्यावरचे नौकेच्या आकाराचे हाड तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एक्स-रेत दिसू लागते, त्याआधी तिथे नुसती मोकळी जागा दिसते.

एक्स-रे काढायचाच तर तो मुलाला उभे करून, पायांवर भार देऊन काढावा, समोरून आणि बाजूने. पलंगावर निजवून काढलेला एक्स-रे म्हणजे रिकाम्या बैलगाडीचे चित्र. ओझे घातल्यावर तिचा कणा किती वाकतो, हे त्यातून कसे कळणार? उभ्याने काढलेल्या चित्रात घोट्याखालच्या हाडातून अंगठ्यामागच्या लांब हाडापर्यंत रेघ ओढतात. निरोगी पावलात ती जवळपास सरळ जाते, सपाट पावलात मधे खाली झुकते. टाचेचे हाड जमिनीशी किती तिरपे आहे, तेही मोजतात. मात्र हे अंश म्हणजे केवळ मोजमाप. दुखणे नसेल तर नुसत्या कोनावर उपचार करू नयेत.

एक्स-रेची किंमत मला एका बारा वर्षांच्या मुलाने शिकवली. कबड्डी खेळणारा पोरगा, वर्षभर पाय दुखत होता आणि घोटा वरचेवर मुरगळत होता. सगळीकडे एकच उत्तर मिळाले होते, "पाय सपाट आहेत, बूट घाला." निजवून काढलेल्या एक्स-रेवर 'दोष नाही' असा शेरा होता. मी त्याला चवड्यांवर उभे केले. डाव्या पायाला कमान आली, उजव्याला आली नाही. टाचही वळली नाही. हाताने हलवून पाहिले तर टाचेचा सांधा गंजलेल्या बिजागरीसारखा. उभ्याने काढलेल्या चित्रात संशय आला आणि सी. टी. स्कॅनमध्ये खात्री पटली. घोट्याखालचे हाड आणि टाचेचे हाड यांच्यामध्ये हाडाचा पूल तयार झाला होता. हा दोष जन्मतःच असतो, पण पूल कूर्चेचा असतो तोवर सांधा थोडाफार हलतो. वाढत्या वयात तो टणक झाला की दुखू लागते. पूल कूर्चेचाच असेल तर एम. आर. आय.मध्ये नीट दिसतो. त्या मुलाचा पूल शस्त्रक्रियेने काढला आणि पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा मैदानात उतरला.

म्हणून आईबापांना मी एवढेच सांगतो. पाय दुखतो, मूल खेळ सोडून बसते, एकच पाय सपाट आहे, सपाटपणा वाढतो आहे किंवा चवड्यांवर उभे राहूनही कमान येत नाही, यांपैकी काहीही असेल तर दाखवायला या. मोठ्या माणसांचे आणखी एक. चाळिशी-पन्नाशीनंतर एकच पाऊल नव्याने बसू लागले, तर ते वयाचे म्हणून सोडू नका. आतल्या घोट्यामागची कमान धरून ठेवणारी शीर झिजत असू शकते. मधुमेह्याचे पाऊल सुजून गरम झाले असेल तर एक दिवसही थांबू नये.

आता राहिले बूट. अमेरिकेत डॅलस येथील वेंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे चार गट केले. एकाला खास बूट, दोघांना दोन प्रकारचे आधार आणि चौथ्याला काहीच नाही. निदान तीन वर्षांनी ९८ मुलांचे एक्स-रे तपासले, तर चारही गटांत सारखीच सुधारणा! हा निबंध १९८९ सालचा. मी बूट लिहून दिले त्याच्या दोन वर्षे आधीचा, पण मी तो वाचला नव्हता. पुढे १९९२ साली मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. बूट-चपला वापरणाऱ्यांत ८.६ टक्के पाय सपाट निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत अवघे २.८ टक्के.

हे सारे मी त्या तिघींना सांगितले. शेवटी आजींना म्हणालो, "तुमच्या लेकीचे पाय माझ्या बुटांनी सुधारले नाहीत. ते सुधारणारच होते."

खोलीत क्षणभर कुणी बोलले नाही. मग लेक हळूच म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं मी उगाचच घातले? शाळेत पळण्याच्या शर्यतीत मला घ्यायचे नाहीत डॉक्टर. मुली मला घोडा म्हणायच्या, बुटांचा आवाज यायचा म्हणून."

"हो, उगाचच," मी म्हणालो. "चूक माझी होती." तीस वर्षांत हे वाक्य मी कितीदा म्हणायला हवे होते, याचा हिशेब माझ्याकडे नाही. बुटांचे श्रेय मात्र मी अनेकदा गोड हसून घेतले आहे.

तिने मान हलवली. रागावली नाही, पण हसलीही नाही. नातीने एव्हाना दारात जाऊन पावसाच्या पाण्यात पाय भिजवून घेतले होते आणि फरशीवर अख्ख्या तळव्यांचे ठसे उमटवत ती माझ्या टेबलापर्यंत आली. आईने तिला थांबवले नाही.

मी तो कागद उचलून म्हणालो, "हा फाडून टाकू या."

"राहू द्या," आजींनी तो माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा नीट घडी घातली. "उद्या हिच्या पोराबाळांना कुणी बूट लिहून दिले, तर दाखवायला लागेल."